कलम ओढून बघू नये

आमच्या पलीकडच्या रस्त्याला एक रोपवाटिका आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची एक पाटी दिसते. तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलंय, 'कलम ओढून बघू नये.' रोपवाटिकेचं नाव कुठे नाही, उघडण्याची वेळ नाही, 'धन्यवाद' तर नाहीच नाही. इतकी स्वच्छ आज्ञा मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी फळ्यावर लिहिता आली नाही.

पाटी रोपवाल्या काकूंची. माझ्याहून त्या थोड्या लहानच असतील, पण अख्खी गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणते. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. हातांवर काट्यांच्या इतक्या खुणा की नवी खूण पडायला जागा शोधावी लागेल. त्यांचं खरं काम म्हणजे गुलाबाचे डोळे भरणं. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पान जिथून फुटतं तिथली बारीकशी कळी, सालीसकट अलगद काढायचा आणि रानगुलाबाच्या खुंटाची साल उचलून तिच्या आत बसवायचा. वरून पट्टी बांधायची आणि वाट बघायची. यातलं शेवटचं काम गिऱ्हाइकांना जमत नाही. ती घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी पट्टी चिमटीत धरून बघतात, चिकटलं का म्हणून. मग डोळा हलतो, मरतो आणि गिऱ्हाइकं भांडायला काकूंकडे येतात.

"तुमच्या पोटावरचे टाके कुणी रोज ओढून बघितले होते का?" काकू विचारतात.

ही पाटी घरच्यांनाही लागू होती, किंबहुना घरच्यांना जास्तच. सून पट्ट्या बांधायची, पण चाकूला हात लावायची नाही. काकांनी जन्मभर टेंपोतून रोपं वाहिली, पण भरलेल्या डोळ्यांच्या वाफ्याजवळ त्यांना फिरकायची बंदी होती. "ह्यांचा हात म्हणजे गिअर टाकल्यासारखा पडतो," असं काकूंचं म्हणणं. आता टेंपो मुलगा चालवतो. काकांची नजर हळूहळू गेली. उजेड आणि सावली एवढंच त्यांना कळतं. सकाळी ते खुर्ची टाकून बसतात ते एकाच कुंडीशेजारी.

त्या कुंडीत 'पाहुणी' आहे. फार वर्षांपूर्वी मातीच्या ढिगात एक गुलाबाचं रोप आपोआप उगवलं. कुणी पेरलं नव्हतं, कुणी मागवलं नव्हतं. काकांनी ते टेंपोच्या चाकाखाली येता येता वाचवलं आणि म्हणाले, "न सांगता आलीये, पाहुणीच आहे, राहू दे." मग ते फुललं. रंग पिकल्या जर्दाळूसारखा आणि वास असा की बंद टेंपोतही पुढच्या सीटवर यायचा. असा गुलाब आम्ही कुणी पाहिलेला नव्हता. काकूंनी त्याचे डोळे भरून दोन-तीन रोपं केली होती. त्यातली एक-दोन मेली, एक गिऱ्हाइकाबरोबर परगावी गेलं. उरली ती मूळची कुंडी. काकांना रंग दिसेनासा झाल्यावर त्यांनी वासाशी सोयरीक जोडली. "आज दोन उमललीत," असं ते लांबून सांगायचे, आणि दोनच असायची.

गेल्या वर्षी पाहुणीचं खोड बुडाशी काळं पडायला लागलं. काकूंनी माती उकरून पाहिलं, नाक मुरडलं आणि पुन्हा माती लोटली.

"सडतंय," त्या मला हळूच म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका. वर अजून हिरवे डोळे आहेत. साल सुटतेय तोवर भरून घेतले की झालं."

साल सुटणं म्हणजे झाडात रस असणं. रस आटला की साल लाकडाला घट्ट चिकटते, डोळा निघतही नाही आणि बसतही नाही. म्हणजे हाताशी फार वेळ नव्हता. आणि नेमका हातच वेळ खात होता.

काकूंच्या उजव्या हाताचं मधलं बोट अडकायला लागलं होतं. सकाळी उठल्यावर ते तळव्याकडे वाकलेलं असायचं. दुसऱ्या हाताने सरळ करायला गेलं की 'टक' असा आवाज व्हायचा आणि काकूंच्या तोंडून जे निघायचं ते इथे लिहिता येणार नाही. काका म्हणायचे, "आमच्या घरात दोन दारं कुरकुरतात. एक मोरीचं आणि एक हिचं बोट." सुरुवातीला सगळे हसायचे. मग छाटणीची कात्री हातातून सुटेनाशी झाली.

एका सकाळी मी शेणखताची पिशवी घ्यायला गेले होते. काकू स्टुलावर बसून एका साध्या गुलाबाचा डोळा काढत होत्या. चाकू सालीखाली शिरला आणि थांबला. काकूही थांबल्या. बोट चाकूच्या मुठीभोवती वाकून बसलं होतं, उघडेना. त्यांनी जोर केला तशी ती 'टक' झाली, चाकू सरकला आणि डोळा मधोमध चिरला.

सून धावत आली. तिने एकेक बोट उलगडून चाकू काढून घेतला.

"हा साधा होता म्हणून बरं," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला. पाहुणीवर चांगले डोळे मोजकेच उरले होते, आणि त्यातला एक असा चिरला तर परत मागायचा कुणाकडे?

"आई, इंजेक्शन घ्या ना," सून म्हणाली. "नवीन डॉक्टरबाई आल्यात, हाताच्याच आहेत म्हणे."

"इंजेक्शनचं नाव काढू नकोस."

"मग पलीकडच्या रोपवाटिकेतल्या माणसाला बोलवू. तो भरून देईल."

"आणि एक डोळा खिशात घालून नेईल. मग पाहुणी त्यांची सून होईल आणि आपण लग्नाला सुद्धा नसू!"

इंजेक्शनची गोष्ट मला ठाऊक होती, कारण ती काकूंनी सगळ्या गिऱ्हाइकांना रोपांबरोबर फुकट दिली होती. काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा अंगठा असाच अडकत होता. तेव्हा एका दवाखान्यात तळव्यात सुई घेतली होती. त्यापुढे बाळंतपण म्हणजे सहल, असं त्या सांगायच्या. पण माझ्या मनात एक प्रश्न होता आणि तो मी त्या दिवशी विचारला. "काकू, दिवसभर काट्यांत हात घालता. एका सुईला काय घाबरायचं?"

काकूंनी हात उलटा करून खुणांकडे पाहिलं. "बाई, काटा कुठून येतो ते दिसत नाही. लागला की कळतं. सुई समोरून येताना दिसते. आणि हात दुसऱ्याने धरलेला असतो."

हे ऐकून काका खुर्चीतून म्हणाले, "मला एक सांग, पाहुणीचं खोड किती सडलंय?"



"तुम्हाला कुणी सांगितलं?" काकू.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? आठवडाभर मातीला कुबट वास येतोय. डोळे गेलेत, नाक नाही." मग ते हळू आवाजात म्हणाले, "राहिली तर राहू दे, गेली तर जाऊ दे. तुझ्या हाताला त्रास नको."

काकू पुढचं काहीच ऐकायला थांबल्या नाहीत. त्या तावातावाने आत गेल्या आणि बाहेरची साडी नेसून आल्या. "जाऊ दे म्हणे! चला हो बाई, माझ्याबरोबर. सुनेला दुकान सोडता येणार नाही."

डॉक्टरबाई वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुली आज असतील तेवढ्या असाव्यात. खोली लहान, खिडकीत कोरफडीची कुंडी. काकूंनी आत शिरल्या शिरल्या कोरफडीला पाणी जास्त होतंय हे सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं, साखर वगैरे काही आहे का ते विचारलं, मग काकूंचा तळवा आपल्या हातात घेऊन बोटाच्या मुळाशी दाबलं.

"ही गाठ लागतेय ना, इथेच सगळं आहे. बोट वाकवणारी दोरी एका बारीक नळीतून जाते. नळीचं तोंड जाड होऊन आवळलं की दोरी अडकते. याआधी कधी इंजेक्शन घेतलंय?"

"अंगठ्याला. त्यापेक्षा विंचू परवडला."

"देताना दुखलं की नंतर?"

"देताना जीव गेला. मग थोड्या वेळात एकदम गार. काही म्हणजे काही दुखेना. आणि रात्री जो ठणका सुरू झाला, दोन दिवस उशी चावत होते."

"आणि त्या गार वेळात तुम्ही काय केलंत?"

काकूंनी उगाच माझ्याकडे पाहिलं. "गुलाब छाटले."

"किती?"

"होते तेवढे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. "अहो, ते बरं झालेलं नव्हतं, बधिर झालेलं होतं! इंजेक्शनात बधिर करणारं औषधही असतं. ते उतरलं की खरं औषध एक-दोन दिवस कुरकुरतं. बऱ्याच जणांना होतं. त्यात तुम्ही दिवसभर कात्री चालवलीत. बरं, तो अंगठा आता अडकतो का?"

काकूंनी अंगठा वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला. "नाही," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "पण तो माझ्या तेलाने बरा झाला."

"तेल कधी लावलं होतं?"

"इंजेक्शननंतर."

"मग अर्धं श्रेय तेलाला देऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता नीट ऐका. दुखणारच नाही असं मी म्हणणार नाही. दुखेल. पण कमी दुखावं अशी व्यवस्था करता येते, तेवढी करू. तुम्ही 'थांब' म्हटलंत की मी थांबेन. मागच्या डॉक्टरांना म्हणाला होतात?"

"त्यांच्या दारात रांग होती."

डॉक्टरबाई उठल्या आणि दार लोटून आल्या.

आधी त्यांनी बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून बोटाच्या मुळाशी धरायला दिली. सुई दाखवली, केसाहून थोडी जाड. "ही तळव्यातून नाही घालायची. तळव्याची कातडी जाड आणि भारी हळवी असते. बोटाच्या बाजूने घालू, तिथे कातडी पातळ आहे. आणि औषध एकदम ढकलायचं नाही, हळूहळू सोडायचं."

हे ऐकून काकू एकदम ताठ बसल्या. "बाजूने? सालीखालून सरकवल्यासारखं?"

"कसली साल?"

आणि काकूंनी सांगायला सुरुवात केली. मी बाजूलाच बसले होते, त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता. डॉक्टरबाईंनी बर्फ बाजूला केला, बोट पुसलं, वरून गार फवारा मारला, आणि विचारत राहिल्या. नुसतं गुंतवून ठेवायला विचारत नव्हत्या, त्यांना खरंच ऐकायचं होतं.

"डोळा काढताना पान कापून टाकायचं," काकू सांगत होत्या, "पण देठ ठेवायचा. चिमटीत धरायला तेवढाच दांडा. मग खुंटावर आडवी चीर, खाली उभी चीर, साल दोन्हीकडून उचलायची..."

"देठ फक्त धरायलाच?"

"नाही, पुढे निकालही तोच सांगतो. तो जर..." आणि काकूंनी माझा हात असा दाबला की माझीच बोटं अडकायची वेळ आली. "आई गं! थांब!"

डॉक्टरबाई थांबल्या. अगदी थांबल्या. सुई होती तिथे, हात स्थिर, चेहऱ्यावर घाई नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. काकूंनी दोन-चार श्वास घेतले.

"हं. आता कर."

उरलेलं औषध इतकं सावकाश गेलं की मला वाटलं, या बाई घड्याळ घरी विसरून आल्यात. मग कापसाचा बोळा आणि त्यावर पट्टी. काकू आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशा बघत होत्या.

"दुखलं?" मी विचारलं.

"दुखलं. पण..." त्या शब्द शोधत होत्या. "ऐकून घेऊन दुखलं."

निघताना डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावलं. आता बोट हलकं वाटेल, फसू नका. रात्री ठणकलं तर बर्फ लावा, ही साधी गोळी घ्या. बोट हळूच हलवलंत तर चालेल, पण कात्री-चाकू मी सांगेपर्यंत बंद. औषधाचा गुण यायला आठवडा, कधी जास्तही लागतो.

"तोवर माझी साल सुटायची थांबली तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटाचं तेवढं सांगता येतं."

घरी पोचेपर्यंत बोट हलकं झालं होतं, आणि काकूंचा हात सवयीने कात्रीकडे गेलाच. सुनेने तो वाटेतच धरला. कलमाला बांधायची पट्टी घेऊन तिने ते मधलं बोट शेजारच्या बोटाला सैलसर बांधून टाकलं आणि पट्टीवर शाईच्या पेनाने लिहिलं, 'ओढून बघू नये.' काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

रात्री थोडं ठणकलं. उशी चावायची वेळ आली नाही. पण नंतरचे दिवस काकूंना फार जड गेले. रोज सकाळी त्या पाहुणीच्या फांदीला नख लावून रस आहे का ते पाहायच्या. पानं पिवळी पडत होती. हात रिकामे ठेवणं त्यांना येतच नव्हतं, म्हणून तोंड चालू लागलं. सुनेला समोर बसवून त्यांनी रानगुलाबाच्या काड्यांवर चीर द्यायला शिकवायला घेतलं. "चाकू ढकलू नकोस, त्याला जाऊ दे. अगं, भाकरी नाही थापायची, साल उचलायचीय!" सून शिव्या खात खात काड्या चिरत राहिली. एकदा मी म्हटलं, "काकू, इतकी वर्षं का नाही शिकवलंत?" त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं माझे हात मोकळे कुठे होते?"

आठवडा उलटून गेला आणि एका सकाळी काकू उठल्या तेव्हा बोट सरळ होतं. त्यांनी ते वाकवलं नाही. तसंच ठेवून डॉक्टरबाईंना फोन लावला. "थोडं थोडं काम करा, दुखलं की थांबा," अशी परवानगी मिळाली. त्याच दिवशी पाहुणीचे डोळे उतरवले. साल अजून सुटत होती, जेमतेम. काकूंनी निम्मे भरले, मग हात झटकला आणि चाकूची मूठ सुनेपुढे केली. सून म्हणाली, "आई, हे पाहुणीचे आहेत." काकू म्हणाल्या, "म्हणून तर मी इथे बसलेय. घे."

मूळची पाहुणी त्यानंतर लवकरच वाळली. भरलेले खुंट सावलीत ओळीने ठेवले होते, प्रत्येकावर पट्टी, पट्टीतून डोकावणारा एकेक इवलासा देठ. काकांची खुर्ची आता त्या ओळीशेजारी आली होती. वास येण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

पुढे एका सकाळी मी गेले तर काका तोंड पाडून बसलेले. मुठी मिटलेल्या. काकू समोर उभ्या.

"काय झालं ते सांगा तरी!"

"मी हात लावला," काका म्हणाले. "रोज लावत होतो. तू आत गेलीस की. नुसता बोटाने, हळूच. दिसत नाही ना मला, मग कळणार कसं? आज त्याचा तो देठ हातात तुटून आला. मग शेजारच्याला लावला, तोही. मला वाटलं, आता सगळंच..." त्यांनी मूठ उघडली. तळव्यात सुकलेले, पिवळसर देठ होते. "माझा हात गिअरसारखाच पडतो. मीच मारली तिला."

काकूंनी ते देठ बघितले. मग त्या मटकन खाली बसल्या, काकांच्या पायाशीच. मला क्षणभर काही कळेना, कारण त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

"अहो, डोळा मेला की देठ सुकून चिकटून बसतो. ओढला तरी निघत नाही. जगला तरच असा बोट लावताच गळतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणी राहिली. जन्मभर माझ्याबरोबर राहून एवढं ठाऊक नाही तुम्हाला?"

"मला ठाऊक कसं असणार? तू जवळ तरी येऊ दिलंस का कधी?"

मग त्यांनी काकांचा हात धरून ओळीतल्या प्रत्येक खुंटावर फिरवला. काही देठ चिकटलेलेच राहिले. गळाले ते बरेच होते, आणि त्यात सुनेने भरलेलेही होते. देठ वेचताना काकूंचं मधलं बोट वाकत होतं आणि उघडत होतं. आवाज काहीच येत नव्हता.

बोट दाखवायला जायचं ठरलं होतं तेव्हा मी पुन्हा बरोबर गेले. काकूंनी रुमालाची गाठ सोडून दोन देठ डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवले. "त्या दिवशी तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहिलं होतं," त्या म्हणाल्या आणि निकाल कसा लागतो ते सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरबाईंनी एक देठ उचलून उजेडात धरला. खिडकीतल्या कोरफडीची माती या वेळी कोरडी होती.

"आता बोट बघू. वाकवा. सोडा. छान! आणखी एकदा? आता जोरात मूठ आवळून..."

काकूंनी हात मागे घेतला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "यांना जरा आपली पाटी वाचून दाखवा."